डाल्यातला समुद्रपक्षी

त्या वर्षांत आमच्या भागात हातात वही घेतलेला माणूस कोणालाच आवडत नसे. मला हे माहीत होतं, तरी मी वही घेऊन तलावात उतरले. ती चूक माझीच.

वही घेऊन येणारे पुष्कळ असत. पंचनामा करणारे यायचे आणि कपाशीचं नुकसान लिहून न्यायचे. कसल्या कसल्या सर्वेक्षणाचे लोक यायचे. घरात माणसं किती, गोठ्यात बैल किती, विहिरीला पाणी किती हात, असं विचारायचे. शेजारच्या गावात एका घरचा माणूस गेला तेव्हा कॅमेरेवाले आले. त्यांनी त्याच्या बायकोला दारात उभं केलं, थोडं उजेडात या म्हणाले. लिहून नेलेल्याचं पुढे काय झालं हे गावाला कधी कळलं नाही. नुसतं कोणीतरी येतं, बघतं, लिहितं आणि जातं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं होतं.

मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीत मामाकडे आले होते. मामाचं गाव मूर्तिजापूरच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्यापासून आत. मी लहानपणापासून त्याच्याचकडे वाढले आणि कॉलेजात जायचं हेही त्यानंच ठरवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मामाला प्राणिशास्त्र म्हणजे ढोरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण वाटायचं आणि मीही ते नीट समजावून सांगितलं नव्हतं.

अमरावतीत मी पक्षी पाहणाऱ्या एका गटात जात होते. गटाचे प्रमुख शहरातले एक डॉक्टर होते. त्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणायचो. दोन जिल्ह्यांतल्या पक्ष्यांची यादी ते बरीच वर्षं करत होते, आणि त्या यादीत काय जाईल आणि काय जाणार नाही हे तेच ठरवत. रविवारी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर मला जागा मिळायची. मागच्या हिवाळ्यात मी एका वाढत्या वयाच्या घारीला दुर्मिळ गरुड ठरवलं होतं. सर्वांसमोर. तेव्हापासून गाडीत बसताना कोणीतरी म्हणायचंच, “सरका, गरुड येऊ द्या.” मी हसायचे. हसण्याशिवाय काय करावं ते सुचत नसे.

जूनचा पहिला आठवडा होता. समुद्रात वादळ आलं होतं असं टीव्हीवर सांगत होते. आमच्याकडे त्यातला फक्त वारा आला. दोन दिवस धूळ उडाली, गोठ्यावरचे दोन पत्रे शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडले. पाणी काही आलं नाही.

तलाव जवळजवळ कोरडा होता. भिंतीजवळ एक डबकं उरलं होतं आणि बाकी सगळा भेगा पडलेला गाळ. तो गाळ न्यायचं काम चाललं होतं. आमच्याकडे उतारावरच्या जमिनीची माती वाहून जाऊन खालचा मुरूम वर आलेला असतो. त्याला आम्ही बरड म्हणतो. बरडावर तलावातला गाळ पसरला की दोन-तीन वर्षं ती जमीन जमीन राहते. मामाचं वरचं वावर असंच बरड झालं होतं, आणि त्या उन्हाळ्यात त्यानं बाळापूरच्या एका ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं होतं. परवानगी होती ती तलावाच्या मधल्या भागातली. तिथला गाळ आधीच लोकांनी नेला होता. चांगला, लोण्यासारखा गाळ राहिला होता तो भिंतीच्या बुडाशी, आणि तिथून काढायची मनाई होती. भिंत खचते म्हणून. मामा तिथूनच काढत होता. मला ते बरोबर वाटत नव्हतं, पण मी बोलले नव्हते.

दुपारी मी कॉलेजच्या डिपार्टमेंटची दुर्बीण आणि वही घेऊन डबक्यावरचे पक्षी मोजायला गेले. टिटव्या होत्या, दोन शेकाटे, एक भुरा बगळा. गाळाच्या ढिगावर आणखी काहीतरी काळं बसलं होतं. मला आधी कावळा वाटला. मग त्यानं पंख जरा सैल सोडले आणि खालून पांढरं शुभ्र पोट दिसलं.

मी दुर्बीण लावली. पक्ष्याचं अंग कबुतराएवढं, पण पंख इतके लांब की शेपटीच्या पुढे जाऊन एकमेकांवर कात्रीसारखे आलेले. वरून काळा. डोकं काळं, कपाळ पांढरं. चोच काळी, सरळ, टोकदार. पाय आखूड. तो वाऱ्याकडे तोंड करून बसला होता आणि टिटव्या ओरडत त्याच्या अंगावर येत होत्या, तरी तो हलत नव्हता.

हा सुरय आहे एवढं मला कळलं. नदीवर, तलावावर आपल्याकडे सुरय दिसतात. पांढरे-राखाडी, हवेत एका जागी थांबून पाण्यात सूर मारणारे. पण ते पाठीवर असे काळे नसतात. मी वहीत लिहायला लागले: वेळ, वाऱ्याची दिशा, चोच, पाय.

“क्या लिख रहे बाई? गाडी का नंबर लिख रहे क्या?”

ट्रॅक्टरवाला माझ्या मागे येऊन उभा होता. पिकलेली दाढी, डोक्याला पांढरा रुमाल. ट्रॅक्टर त्यानं चालूच ठेवला होता.

“नाही चाचा. पक्षी आहे तिथे, त्या ढिगावर.”

“पक्षी.” तो हसला नाही. “पिछले साल भी एक आया था. बोला, झाडं मोजून राहिलो. पंदरा दिन में मेरी ट्रॉली तहसील में जमा थी.”

मी त्याला वही दाखवली. त्यात पक्ष्याचं चित्र होतं. त्यानं ते पाहिलं आणि पान उलटून मागचंही पाहिलं, मग आणखी मागचं. मागच्या पानांवर आकडे होते. टिटव्या किती, बगळे किती. आकडे पाहून त्याचा चेहरा आणखी बिघडला.

“भाऊ!” त्यानं भिंतीच्या बाजूला हाक मारली. “ये तुमची भांजी है ना? इसको बोलो दुर्बीण नीचे रखे, नहीं तो मैं गाडी लेके चला.”

मामा फावडं खांद्यावर घेऊन आला. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. “माही भाची हाय. पुस्तकात डोकं घालून रायते, दुसरं काई नाई,” तो म्हणाला आणि मग मला, “घरी जाय.”

“मामा, ते पाखरू समुद्रातलं असन असं वाटते.”

“समुद्र कुठी हाय इथी?”

वही मिटली. मी घरी गेले.

डिपार्टमेंटमधून मी पक्ष्यांचं पुस्तक सुट्टीपुरतं आणलं होतं. त्यातली बगळ्यांची, घारींची, चिमण्यांची पानं कित्येकांनी हाताळून काळी केली होती. समुद्रपक्ष्यांची पानं मात्र कोरी, एकमेकांना चिकटलेली. मीही ती कधी उघडली नव्हती. आपल्याला कशाला लागतील असं वाटायचं. नखानं हळूच सोडवून पाहिलं तर तिथे माझा पक्षी होता. एक नाही, दोन.

वरून काळे, खालून पांढरे, कपाळावर पांढरं असे दोन सुरय. एकाच्या इंग्रजी नावात काजळी आहे. दुसऱ्याच्या नावात लगाम आहे, कारण त्याच्या कपाळावरचं पांढरं भुवईसारखं डोळ्याच्या मागेपर्यंत जातं. काजळीवाल्याचं पांढरं डोळ्यापाशी थांबतं. पाठीचा रंगही थोडा वेगळा. लगामवाला तपकिरीकडे झुकतो, काजळीवाला काळाच. दोघंही खुल्या समुद्रावरचे. काजळीवाल्याबद्दल लिहिलं होतं की तो महिनोन्‌महिने किनाऱ्याला लागत नाही. वादळात कधीतरी आत फेकला जातो.

पांढरं कुठे थांबलं होतं? मी वही पाहिली. चित्रात मी भुवई डोळ्याच्या किंचित मागे नेली होती. पण ते मी पाहून काढलं होतं की हात घाईत पुढे गेला होता, हे मला सांगता येईना. ट्रॅक्टरवाला आला तेव्हाच मी ती रेघ काढत होते. मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले. खोडरबर हातात घेतला आणि ठेवून दिला. जे दिसलं नाही ते पुसायचाही मला अधिकार नव्हता असं तेव्हा वाटलं.

चार वाजता सायकलनं फाट्यावर गेले आणि तिथल्या बूथवरून सरांना फोन केला.

“समुद्रपक्षी? मूर्तिजापूरला?” सर म्हणाले. मागे दवाखान्यातली माणसं बोलत होती. “गेल्या वेळचं लक्षात आहे ना?”

“आहे सर. यावेळी मी… म्हणजे दोनपैकी एक आहे, कुठला ते अजून नक्की नाही.”

“नक्की नाही, तर फोन कशाला?”

“तुम्ही पाहावं म्हणून.”

त्यांनी कुणा पेशंटला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, “सकाळी सहाला निघतो. आमच्यासोबत पाटबंधारेचे साहेब येतील, त्यांनी नवी लेन्स घेतली आहे. पण यावेळी घार निघाली ना, तर तू पुढच्या रविवारी नाही आलीस तरी चालेल. तलाव कुठला?”

“फाट्यावर या सर. मी पुढे नेते.”

पाटबंधारे हा शब्द मी ऐकला होता, पण तो डोक्यात जायला परतीचा अर्धा रस्ता लागला. मग मी सायकलवरून उतरून चालत घरी आले.

संध्याकाळी जेवताना मी मामाला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. पण सकाळी ते लोक तलावावर आल्यावर मामाला कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं असं मला वाटलं. मामाचा घास हातातच राहिला.

“आमी गाळ कुठून काढून राहिलो, ते दिसते ना तुले?”

“दिसते.”

“भिंतीच्या बुडापासून. अन् तू त्याच खात्याचा सायब गाडीत बसवून आनून राहिली. कायले? तं पाखरू दाखवाले!”

“एक दिवस बंद ठेवा ना मामा. एक सकाळ फक्त.”

“आभाळाले सांग मंग एक दिवस थांबाले. एकदा पानी लागलं का गाडी उतरते काय त्या गाळात?”

“मी त्याईले तलावाचं नाव नाई सांगतलं. फाट्यावर बोलावलं.”

“फाट्यावरून तलाव शोधाले काय लागते बह्याड? वास घेत येतीन.” तो उठला. हात न धुताच दारापर्यंत गेला आणि वळला. “कॉलेजात धाडलं ते हे शिकाले? लिहून न्यायवाले बाहेरून येत होते ते कमी होते, आता घरातूनच निंगाले.”

मामी भिंतीकडे तोंड करून भांडी आवरत होती. “जा म्हना त्याईले फोन करून का नका येऊ,” ती हळूच म्हणाली.

बूथ बंद झाला असणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मला तेव्हा काय वाटत होतं ते खरं सांगायचं तर मामाची काळजी पहिली नव्हती. पहिली ती गाडीतली मागची सीट होती. सकाळी मी फाट्यावर गेलेच नाही तर मी कायमची गरुडवाली. गेले आणि तलाव दाखवला तर मामाचं वावर बरड ते बरडच, वर आणखी काय होईल ते वेगळं. यातून मला एकच वाट दिसली. ती वाट आमच्याकडच्याच पोरीला दिसली असती; शहरातल्या कोणाला ते सुचलंही नसतं. तलाव नाही दाखवता येत, तर पक्षीच न्यायचा. आमच्याकडे नव्या घरी कोंबडी न्यायची तर डाल्याखाली झाकून सायकलवरून नेतात.

पहाटे उजाडताच मी कोंबड्यांवर झाकायचं बांबूचं डालं घेतलं. मामी चूल पेटवत होती.

“डालं कुठी नेतं? पिल्लं उघडी पडली ना!”

“घेऊन येते मामी. मामाले सांगजो, तलावावर कोनी येनार नाई. मी कोनाले येऊ देत नाई.”

ती चुलीत फुंकर घालत राहिली.

तलावात कोणी नव्हतं. पक्षी कालच्याच ढिगाच्या खाली, वारा लागणार नाही अशा जागी बसला होता. मी ओढणी पसरून हळूहळू पुढे गेले. तो उठून चार पावलं चालला, पंख उघडले, आणि बसला. मी ओढणी टाकली.

हातात घेतला तर इतका हलका की आत काही आहे की नाही असं वाटलं. छातीचं हाड बोटाला लागत होतं. त्यानं माझ्या अंगठ्याच्या मुळाशी चोच खुपसली, रक्त आलं, सोडेना. मी तसाच धरून ठेवला, कारण त्याचं डोकं माझ्या डोळ्यांपासून वीतभर होतं आणि उजेड चांगला होता. कपाळावरचं पांढरं रुंद होतं, चोचीपासून डोळ्यापर्यंत आलेलं, आणि डोळ्यापाशी थांबलेलं. मागे काळं. मी दुसरी बाजू फिरवून पाहिली. तिथेही डोळ्यापाशीच. पाठीत तपकिरी कुठे नाही, ताज्या गाळासारखी काळी. माझं कालचं चित्र चुकीचं होतं. काजळी सुरय. मी मोठ्यानं म्हणाले. तिथे ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हणाले.

तेवढी पाच-सात मिनिटं सोडली तर त्या दोन दिवसांत मला बरं वाटल्याचं आठवत नाही.

डालं पालथं करून, खाली पोतं बांधून सायकलच्या कॅरिअरला लावलं आणि फाट्यावर जाऊन चहाच्या टपरीमागे उभी राहिले. गाडी सात वाजता आली. सर उतरले, पाटबंधारेचे साहेब कॅमेरा गळ्यात घालून उतरले, आणखी दोघं जण होते ते गाडीतच बसून राहिले.

“चला, कुठे जायचं?” सर म्हणाले.

“सर, पक्षी इथेच आहे.”

त्यांना कळेना. मी डाल्याकडे हात केला. ते वाकून बांबूच्या फटीतून बघू लागले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ. बराच वेळ ते हलले नाहीत. मग त्यांनी इंग्रजी नाव घेतलं, अगदी हळू, स्वतःशीच. बरोबर नाव. मी ते ऐकलं.

सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. “तू हा पकडलास?”

“हो सर. तो उडत नव्हता, म्हणून…”

“जंगली पक्षी पकडणं गुन्हा आहे. कॉलेजात शिकवत नाहीत का? टोपल्यात घालून आणलास, अंडी विकायला निघाल्यासारखा!”

गाडीतले दोघं हसले. त्यांतला एक म्हणाला, “या खेपेला घरपोच गरुड.”

“गरुड नाही,” सर मागे वळून ओरडले. “हा तोच आहे. ती बरोबर आहे.” आणि लगेच मला, आणखी रागानं, “कुठे होता?”

मी पोत्याची दोरी घट्ट करायला लागले.

“अगं, ठिकाण सांग. ठिकाणाशिवाय नोंद होत नाही. उद्या कोणीही उठेल आणि मुंबईहून मेलेला पक्षी आणून सांगेल की अकोल्यात सापडला.”

“ठिकाण सांगता येत नाही सर.”

“येत नाही म्हणजे?”

पाटबंधारेचे साहेब माझ्या पायांकडे बघत होते. माझ्या चपला, सलवारीचा काठ, सगळं घोट्यापर्यंत काळं झालं होतं आणि अजून वाळलं नव्हतं. “ओला गाळ आहे,” ते म्हणाले. “या दिवसांत ओला गाळ म्हणजे भिंतीजवळचा. कोणता तलाव, मॅडम?”

‘मॅडम’ ते ज्या तऱ्हेनं म्हणाले ते मी अजून विसरले नाही. मी म्हणाले, “नाल्यात पाय घसरला.” ते हसले. त्यांना पटलं नाही आणि न पटल्याचं त्यांना काही पडलेलंही नव्हतं. ते लेन्सचं झाकण काढत होते.

सर येरझाऱ्या घालत होते. मग माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघ. आपण रविवारी जातो ना त्या अमरावतीजवळच्या तलावावर? नोंद तिथली करू. तारीख हीच, वेळ सकाळची, निरीक्षक आपण पाच जण. तुझं नाव पहिलं लिहू. इथे गवतात सोडला की साहेब फोटो घेतील, त्यात डालं यायला नको, बस.”

मला वाटतं त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं असेल. निदान अर्ध्या. माझं नाव पहिलं, छापील यादीत. मी त्याचा विचार केला. केला नाही असं सांगितलं तर खोटं होईल.

“तिथे नव्हता सर तो.”

“ते मला कळतं!”

“मग कोणी पुढे वाचलं तर त्याला वाटेल तिथे येतात. कोणी शोधत बसेल.”

“आणि खरं ठिकाण सांगत नाहीस, ते? ते काय आहे? न सांगणं म्हणजे मोठा खरेपणा?” त्यांच्या मानेची शीर फुगली होती. “तुम्हा लोकांना मागच्या सीटवर घ्यावं, शिकवावं, आणि तुम्ही आम्हालाच अक्कल सांगता.”

‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात साहेबांना कंटाळा आला असावा. “ऊन चढतंय,” म्हणून त्यांनी सायकलजवळ जाऊन पोत्याची दोरी सोडली आणि डालं एका हातानं उचललं. दुसऱ्या हातात कॅमेरा होता. पक्षी कॅरिअरवर क्षणभर उभा राहिला. वारा समोरून होता. त्यानं नुसते पंख उघडले, मारलेसुद्धा नाहीत, आणि वाऱ्यानं त्याला उचललं. टपरीच्या ताडपत्रीवरून, विजेच्या तारांवरून गेला. पहिल्यांदाच मी त्याला हवेत पाहत होते. मी, सर, खिडकीतून गाडीतले दोघं, सगळे माना वर करून बघत होतो. साहेब कॅमेऱ्याचं बटण दाबत होते, लेन्स जवळच्या अंतरावर लागलेली होती. तो लहान होत गेला आणि कुठल्या दिशेला गेला ते उन्हामुळे नीट कळलं नाही.

चहावाल्यानं विचारलं, “काय होतं ते?”

सरांनी रुमालानं मान पुसली. “ऐका,” ते गाडीकडे बघून म्हणाले. “फोटो नाही, ठिकाण नाही, पक्षी पकडलेला. आपण हे कुठे बोललो तर आपणच अडचणीत येऊ. आपण इथे काही पाहिलेलं नाही.”

“नाही पाहिलं,” साहेब म्हणाले.

गाडीतल्या दोघांनी माना हलवल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही मान हलवायची होती बहुतेक. मी हलवली नाही. गाडी वळली, अमरावतीकडे गेली. त्यानंतर मी त्या गाडीत बसले नाही. बोलावणंही आलं नाही.

मी परतले तेव्हा दहा वाजून गेले होते. तलावाच्या भिंतीवरून रस्ता जातो. खाली पाहिलं तर तलावात कोणी नव्हतं. ट्रॅक्टर नाही, ट्रॉली नाही. चाकांचे ओले वळ तेवढे.

मामा वरच्या वावरात होता. अर्ध्या वावरात गाळाचे ढीग पडले होते आणि अर्ध्यात मुरूम उघडा. तो एकटाच ढीग फोडत होता.

“मामा, ट्रॅक्टर?”

“वापस धाडला बाळापूरले.”

“काहून? मी मामीले सांगतलं होतं ना, कोनी येनार नाई म्हनून.”

“सांगतलं तिनं.”

“मंग?”

तो थांबला, फावडं टेकवून उभा राहिला. कालच्यासारखा रागात नव्हता. त्यापेक्षा वाईट, परक्या माणसाशी बोलावं तसा बोलला. “तू म्हनली नाई येनार. मंग सायब येऊन उभा रायला असता तं चाचाची ट्रॉली कोन सोडवनार होतं? त्याची गेल्या साली बी गेली होती.”

“पन मी नाई सांगतलं मामा. लय विचारलं त्याईनं. मले मोठ्या यादीत नाव देत होते. तरी नाई सांगतलं.”

“असन.”

“खरंच नाई सांगतलं.”

“तू सांगतलं नाई, हे मले कसं मालूम पडन?”

फाट्यावर गाडीतून चार माणसं आली होती. त्या चौघांनी काही पाहिलंच नव्हतं.

ट्रॅक्टर मग आला नाही. चाचानं दुसरीकडे काम धरलं, आणि तिसऱ्या दिवशी पाणी लागलं, तेव्हा तलावात माणूस उतरायची सोय राहिली नाही. त्या पावसाळ्यात मामाच्या वरच्या वावरात ज्वारी अर्ध्यात कमरेएवढी वाढली आणि अर्ध्यात गुडघ्याएवढी. दोन्हींमधली हद्द रस्त्यावरूनही दिसायची. लोक विचारायचे, असं काहून? मामा म्हणायचा, गाळ पुरला नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभी होते, हातात रिकामं डालं. मामानं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. रक्त सुकून त्यावर गाळ बसला होता. काय झालं ते त्यानं विचारलं नाही.

“डालं घरी नेऊन दे,” तो म्हणाला. “तुही मामी सकायपासून पिल्लं राखत बसली हाय. अन् येतांनी दुसरं फावडं आन.”

मी गेले आणि फावडं घेऊन आले. दिवसभर आम्ही ढीग पसरले, तो एका टोकानं आणि मी दुसऱ्या. मधे भेटलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि पसरायला गाळ उरला नव्हता.